नाकदरी कोणाची?

खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त नाकदरी कोणाची झाली? आम्हा शिक्षकांत हा वाद निघाला की पळस्प्यातही आधी क्रिकेटचीच नावे येतात. मग कोणीतरी खाशाबा जाधवांचे नाव काढतो. रास्तच आहे. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या या पैलवानाला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मृत्यूनंतर. तरी खाशाबांचे नाव आज मुलांना ठाऊक आहे. माझे मत मुरलीकांत पेटकरांना.

सांगली जिल्ह्यातले पेटकर लष्करात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, अपंगत्व आले. मग ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. तब्बल ४६ वर्षांनी!

भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण कोणाचे, असे विचारले की मुले सांगतात, अभिनव बिंद्रा, २००८. ऑलिंपिकपुरते हे उत्तर अचूक आहे. पण पॅरालिंपिक धरले तर पेटकर ३६ वर्षे आधी उभे आहेत. कोणी म्हणेल, या दोन स्पर्धा वेगळ्या. वेगळ्या आहेतच, पण वेगळी म्हणजे हलकी नव्हे.

उर्दूत काय, मराठीत काय, 'कदर' हा शब्द एकच. ती करायला आपल्याला सरकारची वाट पाहावी लागत नाही. प्रश्नपत्रिकेत दोन्ही नावे येऊ द्या. कुबडी घेऊन वर्गात येणाऱ्या मुलालाही सुवर्णपदकाच्या उत्तरात आपल्यासारखे कोणी दिसले पाहिजे.