बारा माणसं, अकरा जॅकेटं

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असणार. मागे ताज, बाजूला गेटवे, केस वाऱ्यावर, डोळ्यांवर गॉगल आणि खाली कॅप्शन : ‘यॉट लाइफ’! आणि आपण कुठे? तर लोअर परळच्या ऑफिसात, एसीच्या गारठ्यात, एक्सेल शीट उघडून बसलेलो. जळतो ना आपण? मीही जळले. चांगली दोन-तीन वर्षं जळले. मग आमच्या मास कॉमच्या गँगमधल्या एका मैत्रिणीची सिंगापूरला बदली झाली आणि सेंड-ऑफ कुठे द्यायचा यावर ग्रुपवर महाचर्चा सुरू झाली. पब नको, लोणावळा नको, कराओके तर मुळीच नको. कुणीतरी टाकलं, ‘यॉट?’ दोन मिनिटं सन्नाटा. आणि मग धडाधड अंगठे!

मंडळी, आधी एक गैरसमज दूर करते. यॉट म्हणजे फक्त शेठ लोकांची चैन, असं आता राहिलेलं नाही. गेटवेसमोर उभ्या असलेल्या बोटींपैकी कित्येक तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळतात, टुरिस्ट टॅक्सीसारख्या. आमची बोट होती दहा जणांची, वर दोघांचा क्रू. दोन तासांचं भाडं ऐकून डोळे पांढरे झाले, पण दहानं भागलं तर आकडा शनिवार रात्रीच्या पबच्या बिलाएवढाच निघाला. सनसेटचा स्लॉट सगळ्यात महाग. आम्ही अर्थातच तोच घेतला. पाच ते सात, पैसे आगाऊ, नो रिफंड.

आणि शुक्रवारी रात्री एकानं दगा दिला! शनिवारची क्लायंट मीटिंग. (तुमच्याकडेही असा बॉस आहे? मग सांगायला नकोच.) मी हॉलमध्ये बसून याला-त्याला फोन लावत होते. बाबा पेपरात डोकं घालून सगळं ऐकत होते.

‘‘कुठून सुटते?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गेटवेवरून.’’

‘‘हं.’’ पुन्हा पेपर.

आता बाबांविषयी थोडं. माझे बाबा ३४ वर्षं गोदीत होते. टॅली क्लार्क. म्हणजे जहाजातून उतरणारा माल मोजायचा. पोती, पेट्या, लोखंडाच्या कॉइल्स... कागदावरचा आकडा आणि धक्क्यावरचा आकडा जुळला की सही. जुळला नाही तर पुन्हा मोजायचं. सगळी नोकरी समुद्राच्या काठावर झाली, पण हा माणूस हौसेनं कधी बोटीत बसला नव्हता. आतून आईचा आवाज आला, ‘‘अगं, त्यांनाच ने की!’’

खरं सांगू? माझ्या पोटात गोळाच आला. ड्रेसकोड व्हाइट अँड ब्लू, ब्लूटूथ स्पीकर, गँगचे एकाहून एक पांचट जोक... आणि त्यात बाबा? पण तोवर ‘‘चला ना बाबा’’ तोंडातून निघून गेलं होतं.

शनिवारी साडेचारला गेटवेवर हजर. बाबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट (ड्रेसकोड आपोआप पाळला गेला!), पायांत रबरी सोलच्या सँडल्स, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही मुली हील्समध्ये. इथे पहिली गंमत झाली. यॉट काही धक्क्याला येऊन लागत नाही. ती आत पाण्यात उभी असते. धक्क्याच्या पायऱ्या उतरून छोट्या होडीत बसायचं आणि होडीतून यॉटवर चढायचं. ओहोटी असली की खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. हील्स घालून गेलात तर थेट घसरगुंडीच! आम्ही सँडल्स हातात घेऊन, एकमेकींना धरून, किंचाळत उतरलो. बाबा तुरुतुरु उतरून आमच्या आधी होडीत बसलेसुद्धा.

यॉटवर पोचलो आणि... सॉल्लिड! पांढऱ्याशुभ्र गाद्या, पुढे मोकळा डेक, समोर थेट ताज. सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. पहिलाच सेल्फी जमतोय तोवर मागून बाबांचा आवाज.

‘‘एक कमी आहे.’’

‘‘काय एक कमी?’’

‘‘माणसं बारा. जॅकेटं अकरा.’’

वळून बघते तर सीटखालचा कप्पा उघडून बाबांनी सगळी लाइफ जॅकेटं गादीवर रांगेत मांडली होती. ‘‘आणि ह्याचं बक्कल तुटलंय. म्हणजे दहाच धरायची.’’

त्या क्षणी मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. आमच्यातला एक जण हसत म्हणाला, ‘‘काका, चालतंय ओ! आपण काय टायटॅनिकवर चाललोय?’’ सिंगापूरवालीनं हळूच घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते, म्हणजे मीटर सुरू झाला होता. आमचा तांडेल पन्नाशीचा, उरणकडचा. तो म्हणाला, ‘‘साहेब, आम्हाला दोघांना नाय लागत. पोहता येतं.’’

‘‘पोहता येतं हो,’’ बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘पण डोक्याला मार बसला तर कुणालाच येत नाही. नीलकमलला आपटली तेव्हा दिवसाउजेडी चार वाजले होते.’’

कुणी काही बोललं नाही. स्पीकरवरचं गाणं कुणीतरी बंद केलं.

तुम्हाला आठवत असेल. १८ डिसेंबर २०२४. गेटवेवरून एलिफंटाला निघालेली नीलकमल ही फेरीबोट. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. १५ जणांचा जीव गेला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, फॉरवर्ड केला आणि पुढच्या रीलवर गेलो. त्यानंतर इथल्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. नियम मला माहीत होता. पण सीटखाली हात घालून मोजायचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तांडेलनं मुकाट्यानं होडीवाल्याला हाक मारली. शेजारच्या बोटीवरून दोन जॅकेटं आली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. बाबांनी पुन्हा एकदा मोजलं. बारा माणसं, बारा जॅकेटं. मग मान डोलावली, आणि तांडेलनं नांगर उचलला.

केशरी जॅकेटात आमचा व्हाइट अँड ब्लू पार झाकून गेला. फोटोंचं वाटोळं! दोघी जणी चक्क फुगून बसल्या होत्या. पण बोट जराशी आत गेली, खारा वारा तोंडावर आला आणि रुसवे पळाले. हळूहळू जो तो बाबांच्या बाजूला सरकायला लागला. कारण आमच्यापैकी कुणालाच समोर काय दिसतंय ते कळत नव्हतं आणि बाबांना सगळं पाठ होतं.

आता हीच गोष्ट घ्या. हा सूर्यास्त मरीन ड्राइव्हचा नव्हे. हार्बर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे इथे सूर्य पाण्यात बुडत नाही, तो शहरामागे, ताजच्या घुमटाआड उतरतो. आयुष्य मुंबईत गेलं, पण हे डोक्यात कधी आलंच नव्हतं! ताज उघडलं १९०३ मध्ये आणि गेटवेचं उद्घाटन झालं १९२४ मध्ये. म्हणजे हॉटेल आधीचं, दरवाजा मागाहूनचा. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरले, त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेटनं ही कमान उभारली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढून निघून गेली. आपण रोज जे शहर बघतो ते पाठीमागून. तोंड इकडे, पाण्याकडे आहे.

उत्तरेकडे वळलो. डाव्या हाताला लांबवर नौदलाच्या बोटी दिसायला लागल्या तसं तांडेलनं बजावलं, ‘‘इकडचे फोटो नाय काढायचे.’’ उजवीकडे दूरवर जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. तिथे तेलाची जहाजं लागतात. पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवाच्या क्रेन, आणि त्याहून वर अटल सेतूची बारीक रेघ. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला हा पूल जवळपास २२ किलोमीटरचा आहे, पण इथून तो पेन्सिलीनं ओढल्यासारखा दिसतो.

‘‘आणि ती माझी गोदी,’’ बाबा म्हणाले.

बॅलार्ड पिअरच्या मागे इंदिरा डॉक. १९१४ ची गोदी, तेव्हाचं नाव अलेक्झांड्रा डॉक. लहानपणी मी बाबांना गोदीच्या गेटपर्यंत डबा द्यायला गेलेय, पण आतलं मला कधीच दिसलं नव्हतं. आज पाण्यावरून पहिल्यांदा दिसली.

‘‘काका, मग आता तिथे कोण मोजतं?’’ टायटॅनिकवाल्यानं विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

बाबा हसले. ‘‘कंटेनरमध्ये मोजायचं काय? बाहेरून नंबर लिहायचा, सील बघायचं.’’ त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. बाबा त्याच्या आदल्या वर्षी नोकरीला लागले होते! म्हणजे त्यांची सगळी नोकरी समोरच्या किनाऱ्यावरच्या क्रेन वाढताना बघण्यात गेली. आणि बाबांच्या गोदीजवळ, बॅलार्ड पिअरवर, २०२५ मध्ये नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालंय. जिथे पोती उतरायची तिथे आता ट्रॉली बॅगा उतरतात. मला वाटलं बाबांना वाईट वाटत असेल. ते म्हणाले, ‘‘बरं झालं. बंदरात कुणीतरी यायला तर हवं.’’

परत फिरलो तेव्हा सूर्य ताजमागे गेला होता. बाबा दक्षिणेकडे, रेवसच्या दिशेला बघत होते. माझे आजोबा कोकणातून मुंबईला आले ते बोटीनं, भाऊच्या धक्क्यावर उतरून. त्यांच्या तोंडून बाबांनी लहानपणी ‘रामदास’ची गोष्ट ऐकलेली. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. ‘‘आमच्या घरात बोटीत चढायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मागे वळून बघायचे,’’ बाबा म्हणाले. मोजायची सवय गोदीतली असेल असं मी धरून चालले होते. ती त्याच्याही आधीची निघाली.

आणि तेवढ्यात ते झालं. एक मोठी बोट शेजारून सुसाट गेली. टक्कर वगैरे काही नाही, अंतरही चांगलं होतं. पण तिच्यामागून आलेल्या लाटेनं आमची यॉट अशी काही आडवी डोलली की पुढच्या डेकवर उभा राहून सेल्फी काढणारा आमचा टायटॅनिक हीरो सपशेल आडवा! मोबाइल हातातून उडाला तो थेट अरबी समुद्रात. त्यानं एका हातानं रेलिंग धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं जॅकेटचा पट्टा. दहा सेकंदांचा खेळ. पण त्या दहा सेकंदांत मी काय बघितलं सांगू? बाराही जणांचे हात आपापल्या बक्कलवर गेले होते. बक्कल लागलंय ना, एवढंच प्रत्येकाला बघायचं होतं.

नंतर दोघींना मळमळायला लागलं. बाबांच्या पिशवीतून आलेपाकाच्या वड्या निघाल्या. पुढच्या अर्ध्या तासात काकांची पॉप्युलॅरिटी इतकी वाढली की उतरताना ग्रुप फोटो त्यांना मध्ये बसवूनच निघाला. सगळे केशरी, सगळ्यांचे केस विस्कटलेले. ‘यॉट लाइफ’ छाप ग्लॅमर शून्य. सिंगापूरवालीनं तोच डीपी ठेवलाय.

टॅक्सीत मी बाबांना म्हटलं, ‘‘सॉरी बाबा.’’ कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी तुझ्या आईलाही आणू. पण बुकिंग करताना जॅकेटं आधी विचार.’’

तुम्हीही प्लॅन करताय? मग एवढं लक्षात ठेवा :

* सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात गेटवेवरच्या बऱ्याच फेऱ्या बंद असतात.

* बुकिंग करताना दोन प्रश्न विचाराच. बोटीला महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना आहे का? आणि किती माणसांचा? परवाना दहाचा असेल तर अकरावा मित्र किनाऱ्यावरच बरा.

* दोन तास म्हणजे कुठून कुठपर्यंत ते विचारून घ्या. होडीची ने-आण त्यातच धरतात का, हेही.

* सपाट, न घसरणारी चप्पल आणि जवळ ओळखपत्र. मोबाइलला गळ्यात अडकवायची दोरी. (आमच्या हीरोला विचारा!)

* बोट लागत असेल तर पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलेपाक बेस्ट.

* बजेट नाही? टेन्शन नॉट! गेटवेवरून घारापुरीची साधी फेरीबोट घ्या. तासाभराचा प्रवास, हार्बर तोच आणि वाराही तोच. फक्त सोमवारी लेणी बंद असतात.

* आणि चढल्या चढल्या, पहिला सेल्फी काढायच्या आधी, जॅकेटं मोजा. क्रूसकट. लोक हसले तर हसू देत.