टाकळ्याची भाजी

आषाढ लागला की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक, न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. आणि दुसरी, टाकळ्याची भाजी. वासाबद्दल आमच्या मंडळींची तक्रार असते, भाजीबद्दल नातवंडांची. मी दोन्ही मुकाट्याने सोसतो. खरे सांगायचे तर भाजी सोसावी लागत नाही. लसणाची फोडणी, भिजवलेली डाळ, वर ओले खोबरे आणि पानात गरम भाकरी; बाहेर पाऊस असावा, दुसरे काय हवे?

सदाशिव पेठेतले बिर्‍हाड मोडून आम्ही चिरंजिवांच्या हिंजवडीकडच्या फ्लॅटात राहायला आलो, त्याला बरीच वर्षे झाली. पत्ता पुण्याचा आणि तालुका मुळशी. सेनापती बापटांनी १९२१ साली धरणात जाणार्‍या जमिनींसाठी सत्याग्रह उभारला, तोच हा तालुका. आता आमच्या गॅलरीतून संगणकवाल्यांच्या काचेच्या कचेर्‍या दिसतात. भाताची खाचरे पाहायची तर पौडाची वाट धरावी लागते. त्या वाटेवरून एक मावशी पावसाळाभर डोक्यावर पाटी घेऊन येतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, जे रानात उगवेल ते पाटीत. आमच्या सौ.चे आणि त्यांचे चांगले जमते. दोघीही भाव करताना भांडतात आणि चहा पिताना एक होतात.

मागच्या वर्षी अशाच एका शनिवारी मावशी आल्या. "आजी, लई कवळा पाला हाय. लांबचा न्हाई, तुमच्याच फाटकाभाईरचा. आत्ताच खुडलाय." इतकी ताजी भाजी मिळाल्याचा सौ.ना आनंद झाला. दुपारी सगळे जेवलो. नातीने नाक मुरडत का होईना, दोन घास खाल्ले. मग हात धुऊन मी सवयीने मोबाईल उघडला, तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सेक्रेटरींचा निरोप: 'गुरुवारी पावसाने उघडीप दिल्यामुळे कुंपणालगत व फाटकाबाहेरील पट्ट्यात तणनाशकाची फवारणी पूर्ण करण्यात आली आहे.'

वाचकहो, त्या ठरावाला अनुमोदन मी दिले होते.

कोणाला काही झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ती रात्र काही बरी गेली नाही. नातीने कूस बदलली तरी सौ. उठून बसत. मी मनाशी म्हणत होतो, पाला तर हिरवागार होता! औषध मारलेला असता तर पिवळा नसता का पडला? सकाळी चिरंजिवांनी इंटरनेटवर पाहून तीही समजूत काढून टाकली. आमच्या माळ्याने वापरले ते ग्लायफोसेट. ते पानावाटे आत शिरते आणि रसाबरोबर मुळापर्यंत जाते. तण मरते ते हळूहळू. पहिले काही दिवस पान दिसायला तसेच टवटवीत राहते. म्हणजे मावशींनी पाने खुडली त्या दिवशी ती ओळखण्याचा काही उपाय त्यांच्यापाशी नव्हता, आणि आमच्यापाशीही नव्हता. शिवाय त्यांच्या पाटीत आमच्याखेरीज आणखी सात-आठ जुड्या होत्या, आणि उरलेली त्यांच्या घरी शिजली असणार.

मी खाली उतरलो आणि माळ्याला गाठले. बिचारा भला माणूस. त्याने सगळे दाखवले. पाठीवरचा पंप, तोंडाला बांधायचा गमछा, पायात रबरी चपला. माप म्हणून बाटलीचेच झाकण. उरलेले औषध सरबताच्या जुन्या बाटलीत. "गवताचं औषध हाय सायेब, मानसाला काय व्हत न्हाई," तो म्हणाला. त्याला हे कोणी सांगितले? दुकानदाराने. आणि दुकानदाराला? ते विचारण्यात अर्थ नव्हता.

औषध! या शब्दाचा मी कधी विचार केला नव्हता. पोराला ताप आला की औषध, ढेकूण झाले की औषध, गवत माजले की औषध. आणि तेच 'विषारी औषध' होऊन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, तेव्हा आपण ते पान चटकन उलटतो. १९५८ साली केरळात फॉलिडॉल नावाचे असेच औषध गव्हाच्या पिठाबरोबर वाहून आणले होते. ते पिठात मिसळले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, आपला कीटकनाशकांचा कायदा झाला. त्यातही स्वतःच्या घरातला, परसबागेतला आणि स्वतःच्या शेतातला वापर मोकळाच ठेवला आहे. २०१७ साली आपल्याच यवतमाळात कपाशीवर फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आपण शहरातली माणसे तेव्हा हळहळलो. पण कपाशीला निदान किडीचे कारण होते. आमच्या फाटकाबाहेर पीक कोणते? तिथे टाकळा होता, आणि तो कोणाचे तरी पोट भरत होता.

ग्लायफोसेटबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. इतर काही सरकारी संस्थांना तसे वाटत नाही. आपल्या केंद्र सरकारने मात्र २०२२ च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढली, की परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज कोणी ते वापरू नये. आमचा माळी त्यात बसत नव्हता, आणि अनुमोदन देणारा मी तर मुळीच नाही.

पुढच्या रविवारी मी सभा बोलवायला लावली. वाटले होते, टाकळ्याची हकीकत सांगितली की सगळे विरघळतील. कसचे काय! तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, तुम्ही सातव्या मजल्यावर राहता. गवतातून घोणस माझ्या दारात येते." आता मुळशीच्या पावसाळ्यात घोणस आणि फुरसे ही काही थट्टेची गोष्ट नव्हे. सेक्रेटरींनी डेंग्यू काढला. मागल्या वर्षी त्यांचा मुलगा पाच दिवस दवाखान्यात होता. त्यांच्यापुढे वाद घालायला माझी जीभ रेटेना. धुराचे यंत्र फिरले नाही की या बापाचा जीव वरखाली होतो.

मी स्वतः डीडीटीच्या दिवसांतला माणूस. लहानपणी आमच्या गावी फवारणीवाले येत, भिंतीवर तारीख लिहून जात, आणि आई त्यांना पाणी देई. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज आहे. १९६५ साली तो आकडा लाखावर आला. हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण १९७६ साली तोच आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. कामात ढिलाई आली होती, आणि डासांनाही डीडीटी सोसू लागले होते. डासांची पिढी दोन आठवड्यांची, आपली पंचवीस वर्षांची. या शर्यतीत कोण आधी शिकणार?

आणि धुराचे म्हणाल तर तो मुख्यतः डिझेलचा धूर, त्यात औषध चिमूटभर. उडता डास त्यात सापडला तर मरतो. डेंग्यूचा डास घरात, पलंगाखाली, पडद्याआड बसलेला असतो. आणि त्याच्या अळ्या कुंडीखालच्या ताटलीत निवांत वाढतात. साथ पेटली तर धूर करावा, असेच जाणकारही म्हणतात. दर शुक्रवारी नवस फेडल्यासारखा करून उपयोग नाही. सभेत मी एवढेच विचारले, की आपल्या इमारतीत अशा ताटल्या किती आहेत ते कोणी मोजले आहे काय? कोणी मोजले नव्हते. त्याच संध्याकाळी मुलांच्या फौजेने मोजल्या. सर्वांत जास्त निघाल्या आमच्याच गॅलरीत! सौ.च्या तुळशी, गवती चहा आणि कडीपत्ता. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी अबोला होता, तो भाग सोडून देतो.

बाहेरच्या जगात हे भांडण जुने आहे. कॅनडात माँट्रियलजवळ हडसन नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला, तेव्हा १९९१ साली गावाने नुसत्या शोभेसाठी फवारणी करायला बंदी घातली. फवारणीच्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या. खटला बरीच वर्षे चालला आणि २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. फ्रान्सने तर २०१४ साली कायदाच केला, आणि २०१७ पासून तिथल्या नगरपालिकांना रस्ते, बागा, फिरायच्या जागा येथे रासायनिक फवारणी बंद झाली. स्मशानांना आधी सूट होती, तीही पुढे २०२२ साली गेली. तेव्हा तिथे लोकांना फरसबंदीच्या फटींतले गवत बघायची सवय करावी लागली. मला वाटते, खरी अडचण तीच आहे. गवत दिसले की आपल्याला वाटते, इथे कोणाचे लक्ष नाही.

आमच्या सभेत तह झाला, तोही अर्धामुर्धा. तळमजल्याच्या दारांपासून गवत खुरप्याने आणि कोयत्याने काढायचे, त्यासाठी पावसाळ्याचे चार महिने माळ्याच्या जोडीला एक बाई ठेवायची, आणि वर्गणीत तेवढी वाढ. या वाढीवर जेवढा आरडाओरडा झाला तेवढा विषावर झाला नव्हता. तणनाशक एक वर्षापुरते बंद. कारंज्याच्या हौदात गप्पी मासे. धूर मात्र सेक्रेटरींनी सोडला नाही. महिन्यातून एकदा होतोच. मी विरोधी मत नोंदवले आणि त्यांच्याच घरी चहा प्यायलो.

मावशींना काय सांगायचे, हा प्रश्न राहिला होता. सौ.नीच सांगितले. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तरीच त्या कडंचा पाला दुसर्‍या आठवड्यात पार जळला. मला वाटलं, उन्हानं." त्या वर्षी त्या परत टाकळा घेऊन आल्या नाहीत. श्रावण गेला, भाद्रपद गेला. सौ. मंडईतून मेथी आणत राहिल्या.

नरकचतुर्दशीच्या दोन दिवस आधी दारावरची घंटा वाजली. मावशी उभ्या होत्या. पाटीत झेंडू, आंब्याचे डहाळे आणि हिरवी-पिवळी कारिटे. चिरंजिवांच्या पिढीला कारीट दुकानात मिळत नाही म्हणून ठाऊक नाही, नातीने मात्र लगेच विचारले, "हे पायाने फोडायचं ना?"

सौ.नी एक कारीट हातात घेतले, फिरवून पाहिले आणि विचारले, "मावशी, कुठली ही?"

"तुमच्याच कुंपणावरची, आजी," मावशी म्हणाल्या. "माळीदादाला इचारून तोडली."