उपाशी पोट आणि मोर्चा



पोटाला चिमटा बसला की माणूस आपोआप रस्त्यावर येतो, असे व्यासपीठावरून नेहमी सांगतात. आम्हांला ते निम्मेच खरे वाटते. चिमट्याने माणूस चिडतो. पण उद्याच्या भाकरीची सोय नसली, की तोच माणूस मुकाट्याने कामावर जातो.

आमच्या मेहकरचे मोमीन विणकर एके काळी भरभराटीला आलेले. पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि १८०३ च्या दुष्काळाने त्यांची पेठ मोडली. असली उपासमार माणसे पांगवते, जमवीत नाही. उलट १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा मोठा दुष्काळ अजून यायचा होता. अमेरिकेतल्या युद्धाने चढलेला कापसाचा भाव उतरला होता, सावकाराने हात आखडला होता. हातचे निसटू लागले होते, पण अंगात बळ शिल्लक होते. म्हणून माणसे उठली.

मुंबईच्या गिरण्यांचेही तेच. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. तो नुसत्या घोषणांवर तगला काय? वाण्याची उधारी, खोलीतल्या गाववाल्यांचा आधार आणि गावाकडची भाकरी यांवर तो तगला. १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी कामगार गोळीसमोर गेला, तोही एकटा गेला नव्हता. पाठीशी सारी चाळ होती. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. वर्ष उलटले, भांडी विकली, शिदोरी सरली. तेव्हा जे परत कामावर गेले त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही.

आज मेहकर तालुक्यात कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. मोर्चाला गेली तर तो दिवस बुडाला. ‘जाईन हो, पण सांजेला चूल कशी पेटंल?’ हा तिचा सवाल आहे. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मोर्चाआधी धान्य गोळा करा. घरटी मूठ-मूठ ज्वारी काढा. ऐन वेचणीत तारीख ठेवू नका. ज्याचा रोज बुडेल त्याच्या घरी पायली पोहोचवा. मग पाहा, ती बाई पहिल्या रांगेत असेल!