मालक नाही, म्हणून कामगारही नाही?

शब्दांचे राजकारण ओळखायला कामगाराला फार शिकावे लागत नाही. कपातीला 'पुनर्रचना' म्हणायचे, पदे रद्द करण्याला 'सुसूत्रीकरण' म्हणायचे आणि ठेकेदारीला 'आधुनिकीकरण' म्हणायचे, हा खेळ रेल्वेतील आणि टपाल खात्यातील बंधू-भगिनींनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. त्याच पोतडीतून आणखी एक गोंडस शब्द बाहेर निघाला आहे. हाताने वस्तू घडवून स्वतःच विकणाऱ्या कारागिराला आता 'उद्योजक' म्हणायचे! शब्द मानाचा वाटतो. पण त्या मानाबरोबर काय मिळते आणि काय हिरावले जाते, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. हा हिशेब आम्ही कोल्हापुरी चपलेवर मांडणार आहोत, कारण ती आपल्यातल्या अनेकांच्या पायात आहे आणि तिच्या नावाने अलीकडे गहजबही बराच झाला.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा नवा संग्रह सादर केला. त्यात मॉडेलांच्या पायांत ज्या चपला होत्या त्या पाहून कोल्हापुरात कोणालाही त्यांची ओळख पटवून द्यावी लागली नाही. कंपनीने मात्र त्यांना नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले होते. ओरड झाली. मंत्री बोलले, खासदार बोलले, व्यापारी मंडळांनी पत्रे लिहिली. कंपनीने या चपला भारतीय कारागिरीवरून घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने याचिकाकर्त्या वकिलांना विचारले, या नावाचे नोंदणीकृत मालक तुम्ही आहात काय? जे मालक आहेत ते दाद मागू शकतात.

मग मालक कोण? भौगोलिक निर्देशांकाचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली 'कोल्हापुरी चप्पल' या नावाची नोंद २०१९ मध्ये झाली. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंदणीकृत मालक दोन आहेत : महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ. ज्याचे आजोबा-पणजोबा चप्पल बांधत आले, त्याला त्या नावावर हक्क सांगायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. म्हणजे विद्या त्याची, हात त्याचे, नाव मात्र महामंडळांचे. डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाने करार केला. दोन हजार जोड इकडे बनवून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना एक जोड जगभर विकायचा, असे जाहीर झाले. करार झाला याचे आम्हाला दुःख नाही. काम येत असेल तर यावे. पण त्या ८०० युरोंपैकी कातडे कमावणाऱ्याला, तळ शिवणाऱ्याला आणि वेणी गुंफणाऱ्या बाईला किती, हा प्रश्न जाहीरपणे विचारणारी एकही संघटना त्या करारात बरोबरीच्या नात्याने सही करायला नव्हती. आमचा मुद्दा एवढाच आहे.

ही चप्पल होते कशी ते पाहा. म्हशीचे कातडे चुन्यातून काढून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतात. हे काम पिढ्यान् पिढ्या ढोर समाजाने केले. पुढे चर्मकाराच्या घरात रापीने तळ कापायचा, थर बसवायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे, कान लावायचे, पट्टा आणि अंगठा बसवायचा. अस्सल चपलेत खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी आणि नक्षी बहुतेक घरांत बायका करतात. एका जोडामागे अख्खे घर राबते. आणि हे घर कोणत्या समाजाचे, हेही सांगितले पाहिजे. कातड्याला हात लावणाऱ्याला गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, पण त्याने केलेली चप्पल मात्र पाटलाच्या पायात करकरत गावभर मिरवली. आज त्याच चपलेला 'आपला वारसा' म्हणून गळा काढणाऱ्यांनी वारसदाराचा पत्ता आधी विचारावा.

आता 'उद्योजक' या शब्दाकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक धंदे तीत आहेत, चर्मकारांचाही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये. यातले काहीच वाईट नाही, ज्याला मिळेल त्याने जरूर घ्यावे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नका. एक, लाभार्थ्याची नोंद 'उद्यम' मंचावर उद्योजक म्हणून होते. दुसरी, लाभ कुटुंबातील एकालाच. नवरा-बायको दोघे दिवसभर राबले तरी सरकारच्या वहीत कारागीर एकच! दुसऱ्या हाताची मेहनत हिशेबातूनच गेली. आणि गंमत अशी, की हाच माणूस ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रमवर नाव नोंदवायला गेला तर तेथे तो 'असंघटित कामगार' ठरतो. असंघटित कामगारांच्या २००८ च्या कायद्याने स्वयंरोजगारी माणसाला कामगारांतच धरले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो तसाच आहे. मग कर्ज देताना उद्योजक आणि कार्ड देताना कामगार, असे का? कारण उघड आहे. उद्योजकाला कर्ज द्यायचे असते, ते त्याने फेडायचे असते. कामगाराला हक्क द्यावे लागतात. भाव पडला, पावसाळ्यात धंदा बसला, डोळे गेले, पाठ मोडली, तर उद्योजकाचे नुकसान हे त्याचे स्वतःचे असते. कामगाराचे नुकसान झाले तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

आमच्यातले काही बंधू म्हणतील, "त्यांना मालक नाही. ते आपल्या मर्जीचे धनी. मग ते कामगार कसे?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

ज्याला कातडे उधारीवर घ्यावे लागते आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला त्याने ठरवलेल्या भावाने द्यावा लागतो, तो कसला धनी? ज्याला दुकानदार पैसे माल खपल्यावर देतो, आणि न खपलेला जोड परत हातात ठेवतो, तो कसला धनी? मालक दिसत नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. गिरणीतला मालक एका खुर्चीत बसत असे. इथला मालक दहा जागी विखुरलेला आहे : थोडा कातड्याच्या गोदामात, थोडा दुकानाच्या गल्ल्यावर, थोडा ऑनलाइन कंपनीच्या कमिशनमध्ये आणि थोडा कर्जाच्या हप्त्यात.

आणि 'तुम्ही कामगारच नाही' हे वाक्य आपल्याला नवे आहे काय? टपाल खात्याने खेड्यापाड्यांतल्या डाकसेवकाला 'खात्याबाहेरचा एजंट' म्हणून वर्षानुवर्षे हिणवले. त्याचे पोट दुसऱ्या धंद्यावर चालते, तो खात्याचा नोकर नव्हेच, असे सांगितले. १९७७ मध्ये राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा माणूस नागरी पद धारण करतो. पूर्ण हक्कांसाठी ग्रामीण डाकसेवकांचा लढा त्यानंतरही चालूच राहिला. रेल्वेत प्रकल्पांवर दहा-दहा वर्षे राबलेल्या नैमित्तिक मजुरांना 'काम संपले, तुम्हीही संपलात' असे सांगितले जाई. १९८५ च्या इंदरपाल यादव निकालानंतर त्यांना सामावून घेण्याची योजना आली. दोन्ही ठिकाणी काम तेच होते, घाम तोच होता. बदलले ते नाव. नाव बदलून घेण्यासाठी लढावे लागले, ते कोणी दान दिले नाही.

कारागिरांच्या बाबतीतही वाट नवी नाही. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, घरी बसून शिवणकाम-भरतकाम करणाऱ्या बायकांची संघटना 'सेवा' या नावाने नोंदवायला नेली. कामगार खात्याने विचारले, तुमचा मालक कोण? मालक नाही तर लढणार कोणाशी? उत्तर मिळाले, की संघटना कोणाच्या विरोधासाठीच असते असे नाही, ती आपसातल्या एकीसाठी असते. खात्याला अखेर नोंदणी करावी लागली, आणि त्या बायकांची 'सेवा' पुढे देशातील मान्यताप्राप्त केंद्रीय कामगार संघटना झाली.

महाराष्ट्राकडे तर याहून जवळचे उदाहरण आहे. हमालाचा मालक कोण? सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा. तरीही अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्याला कामगार म्हणून उभे केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे झाली. हमालाची मजुरी मंडळात जमा होते आणि व्यापाऱ्याने वर भरलेल्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, उपचार यांची सोय होते. मालक एक नसला तरी लाभ घेणारे सगळे मिळून मालकाची जबाबदारी उचलतात, हे तत्त्व कायद्यात आले. याच निपाणी पट्ट्यात घरी विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानले. विडीवरच्या उपकरातून त्यांच्यासाठी कल्याण निधीही उभा राहिला होता. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर गेला, पण तत्त्व खोटे ठरले नाही.

जे विडीत आणि हमालीत चालते ते चपलेत का चालू नये?

उलट दिशेने मात्र पावले झपाट्याने पडत आहेत. १९५२ पासूनचे अखिल भारतीय हस्तकला मंडळ ऑगस्ट २०२० मध्ये बरखास्त झाले. कारागिरांचे म्हणणे ऐकण्यासाठी दिल्लीत जी एक खुर्ची होती तीही उचलली गेली. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन माल विकायची सवलत दिली गेली, पण ती राज्याच्या हद्दीपुरती. कोल्हापूर आणि निपाणी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. भौगोलिक निर्देशांकाने जे आठ जिल्हे एक मानले त्यांचे या सवलतीने पुन्हा दोन तुकडे केले.

आता आपल्या खात्यांकडे या. २०२२ मध्ये रेल्वेने 'एक स्टेशन एक उत्पादन' योजना आणली. फलाटावर स्थानिक कारागिरांना पाळीपाळीने, ठराविक दिवसांसाठी स्टॉल मिळतो. योजना चांगली आहे. पण पाळी संपली की कारागीर पुन्हा रस्त्यावर येतो. स्टॉलची वाटणी ठरवताना त्यांच्या प्रतिनिधीला कोणी विचारते काय? स्टॉलवर बसलेला खरा कारागीर आहे, की त्याच्या ओळखपत्राआड दुसराच कोणी? हे आपल्या स्टेशनवरच्या बंधूंइतके नेमके दुसरे कोणी पाहू शकत नाही. टपालातल्या बंधूंनी तर याहून मोठी गोष्ट पाहिली आहे. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची जकातमाफी काढली, आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आपल्या खात्याला तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवावे लागले. दिवाळीच्या तोंडावर! बड्या निर्यातदाराला विमान कंपनी आहे, कुरियर आहे. एकेक पार्सल टपालाने पाठवणाऱ्या कारागिराला फक्त तुमची खिडकी आहे. डाकघर निर्यात केंद्रांचा डांगोरा पिटणाऱ्यांनी त्या सात आठवड्यांची भरपाई कोणाला दिली?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१. माथाडी मंडळाच्या धर्तीवर कोल्हापुरी चपलेसाठी दोन्ही राज्यांचे संयुक्त कल्याण मंडळ व्हावे. त्यात निम्मे प्रतिनिधी कारागिरांनी निवडलेले असावेत. निर्देशांकाचे नाव लावून माल विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून, ऑनलाइन कंपनीकडून आणि परदेशी कंपनीकडून जोडामागे लेव्ही घ्यावी.

२. निर्देशांकाच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक करारात कारागिराच्या मजुरीचा दर लिहिलेला असावा आणि तो मराठी व कन्नडमध्ये जाहीर व्हावा.

३. 'कुटुंबातील एक' ही अट रद्द करावी. वेणी गुंफणारी बाई ही स्वतंत्र कारागीर आहे, तिचे नाव तिच्या नावानेच नोंदवावे.

४. स्टेशनवरील स्टॉल आणि निर्यात केंद्रे यांच्या स्थानिक समित्यांवर कारागीर संघटना आणि आपल्या कामगार संघटना यांचे प्रतिनिधी घ्यावेत.

मागण्या सरकारकडे आहेत, पण काही काम आपल्या हातातलेही आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील कारागिरांची एक बैठक आपल्या कचेरीत बोलवावी. संघटनेची नोंदणी कशी करायची, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, निवेदन कोणाला द्यायचे, हे ज्ञान आपल्याकडे आहे आणि ते त्यांना हवे आहे. आपल्या पतपेढ्या आणि सहकारी भांडारे सणासुदीला घाऊक खरेदी करतात. ती थेट कारागिरांकडून, रोखीने आणि त्यांनी सांगितलेल्या भावाने व्हावी. यात उपकाराची भाषा नको. रुळावर राबणारा, पत्रे वाटणारा आणि चप्पल शिवणारा यांच्यात फरक एवढाच, की पहिल्या दोघांना आपले हक्क मागायची सवय लागली आहे.

उद्या कोणी कारागिराला 'उद्योजक' म्हणून हार घातला तर हार घालू द्यावा. पण त्याच वेळी विचारावे, साहेब, हाराबरोबर पेन्शन आहे काय? आजारपणाची रजा आहे काय? करारावर सहीचा अधिकार आहे काय? यातले काहीच नसेल, तर तो हार त्याच्या गळ्यात नाही, त्याच्या हक्कांच्या फोटोला घातला आहे. त्या फोटोपुढे हात जोडून उभे राहणे कामगार चळवळीला शोभणारे नाही.