आजीचा आनंद आणि मालकाची सोय

सिन्नरमध्ये संध्याकाळी माळेगाव, मुसळगावच्या कारखान्यांत दुसरी पाळी चालू असते आणि वस्त्यांतल्या ओट्यांवर आज्या नातवंडांना घेऊन बसलेल्या असतात. यातल्या कित्येकींनी आयुष्यभर विड्या वळल्या. पोटची लेकरे सुपाशेजारी वाढवली, पण त्यांच्याशी खेळायला सवड मिळाली नाही. आज नातवाचे पाढे ऐकताना, नातीला गोष्ट सांगताना त्यांना जो आनंद मिळतो, तो त्यांनी कष्टाने कमावलेला आहे.

बाबासाहेब लहान असतानाच त्यांच्या आई भीमाबाई गेल्या. त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. वडीलधाऱ्या बाईच्या मायेचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पण आमचा सवाल असा की, घरात आजी आहे म्हणून कारखान्यात पाळणाघर नको, हे ठरवले कोणी? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार सरकारने आणि मालकानेही उचलावा, अशी भूमिका घेतली होती. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

गुडघे दुखत असताना नाइलाजाने नातवंड सांभाळणे ही वेठबिगारी झाली. मन रमते म्हणून सांभाळणे हा आनंद. कामगार बंधू-भगिनींनो, आपल्या कारखान्यात पाळणाघर आहे काय, हे युनियनच्या पुढच्या बैठकीत विचारा. आजीची संध्याकाळ आजीच्या मर्जीची असली पाहिजे!