फलाट नसलेल्या गावांची जाहिरात

बुलढाणा जिल्ह्यात मंदीच्या दिवसांत दुकानाची ऑनलाइन जाहिरात करावी का, असा विषय निघाला की कुणीतरी शेगावची कचोरी पुढे करतंच. ‘तिनं कधी जाहिरात केली? मालात दम असला की गिऱ्हाईक आपसूक येतं.’ माना डोलतात, चहा येतो आणि विषय तिथेच मिटतो. खरं तर कचोरीचा इतिहास नेमकं उलट सांगतो.

पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. स्थानक मुंबई–हावडा मार्गावरचं. गाडी थांबायची, खिडकीतून हात बाहेर यायचे, आणि कचोरी खाल्लेला माणूस भुसावळला किंवा नागपूरला उतरताना तिचं नावही सोबत न्यायचा. शिवाय गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची रीघ होतीच. माल चांगला होता, यात वाद नाही. पण रोज नवी तोंडं त्या मालापुढे आणून उभी करण्याचं काम रेल्वेने केलं, तेही फुकटात. हीच कचोरी त्याच हातांनी मेहकरात तळली असती तर? मेहकरला रेल्वे नाही. चिखलीला नाही, लोणारला नाही; खुद्द जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्यातही नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. तो मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर या गावांतल्या दुकानदाराला फलाट हवा असेल तर तो त्याच्या खिशातल्या फोनमध्येच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो करणाऱ्याला हसण्यावारी नेता येत नाही. ‘लोकाइजवळ पैसाच नाही, तं जाहिरात कोनाले दाखवता?’ २०२४–२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत माल ४,००० रुपयांच्या आसपास रेंगाळत होता. ज्या जिल्ह्याची दिवाळी सोयाबीनवर आणि संक्रांत कापसावर ठरते, तिथे क्विंटलमागे आठ-नऊशे रुपये कमी पडले की त्याचा फटका कापड दुकानापासून सलूनपर्यंत सगळ्यांना बसतो. जाहिरात शेतकऱ्याच्या खिशात पैसे घालत नाही. घालते असं कुणी म्हणत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकायला आलेला आहे.

पण मंदीत पैसा नाहीसा होत नाही, तो बिचकतो. नवा पंप घेणारा जुना दुरुस्त करून घेतो. लग्नाचा बस्ता दोनदा पुढे ढकलतो, मग चार दुकानांत भाव विचारतो. मोताळ्याहून मलकापूरला जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून, आधी फोनवर विचारून मगच माणूस घर सोडतो. आणि नेमक्या या वेळी आपले दुकानदार काय करतात? साडीचा झकास फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘किमतीसाठी मेसेज करा.’ हातात पैसा खेळत असताना हा नखरा खपून जातो. तंगीत गरीब गिऱ्हाईक किंमत विचारायला लाजतं, कारण विचारून न घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. ते पुढच्या फोटोकडे सरकतं. भाव लिहिला तर शेजारचा दहा रुपयांनी उतरवील, ही भीती मला नेहमी ऐकायला मिळते. शेजाऱ्याला तुमचा भाव आजही माहीत आहे, साहेब. माहीत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. हे ऑनलाइन धंदा शिकवणारे कोच. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, आणि घोषणा एकच: ‘ऑनलाइन या, सगळं जग तुमची बाजारपेठ!’ जुना दुकानदार निदान गल्ल्याला जपून असतो. हे लोक तोच रिकामा करायला सांगतात. यांच्या तोंडी जे येत नाही ते असं. जाहिरातीसाठी १,००० रुपये भरले की १८ टक्के जीएसटी वजा जाऊन प्रत्यक्ष जाहिरातीला साधारण ८४७ उरतात, आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला त्या कराची वजावटही मिळत नाही. छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारांवर माल विकण्याची सवलत १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली, पण ती राज्याच्या आत विकण्यापुरती. म्हणजे जळगाव जामोदच्या बाईने करपात्र माल पुण्याला पाठवला तर चालेल. सातपुड्यापलीकडच्या बऱ्हाणपूरला विकायचा तर आधी नोंदणी. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवाना वेगळा. सगळं जग बाजूला राहू द्या, शेजारचा मध्य प्रदेशसुद्धा एवढा सोपा नाही.

‘व्हायरल व्हा’ हा त्यांचा दुसरा मंत्र. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातली काही गावं अशी व्हायरल झाली की विचारू नका. लोकांचे केस झपाट्याने गळू लागले आणि गावांची नावं देशाबाहेर पोहोचली. त्या प्रसिद्धीने तिथल्या कुणाचा किराणा जास्त खपला असेल, असं मला वाटत नाही. उदाहरण टोकाचं आहे, कबूल. पण लाख अनोळखी डोळ्यांनी नाव पाहिलं म्हणून एक गिऱ्हाईक वाढतं असं नाही, हे त्यातून लख्ख दिसतं. चिखलीतल्या शिंप्याच्या रीलला केरळातून आलेल्या हृदयचिन्हांचा शर्ट शिवता येत नाही.

मग करायचं काय? जे गिऱ्हाईक एकदा आलं आहे, ते हरवू द्यायचं नाही. तंगीच्या काळात ऑनलाइन प्रसिद्धीचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो आणि त्याला खर्च जवळपास शून्य आहे.

या जिल्ह्याची दोन गिऱ्हाइकं अशी आहेत की त्यांचा पैसा इथल्या सोयाबीनवर अवलंबून नाही. एक, पोटासाठी बाहेर गेलेला आपलाच माणूस. पुणे, चाकण, वाळूज इथल्या कारखान्यांत आपल्या गावांची पोरं भरलेली आहेत. त्यांचा पगार महिन्याला होतो आणि त्यांना गावाकडची चव हवी असते. पापड, वड्या, काळा मसाला असा टिकाऊ माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सकाळी पुण्यात उतरतो; पैसे फोनवर आधीच आलेले असतात. बचत गटाच्या बायांना यासाठी कोच लागत नाही. लागते ती नंबरांची वही, व्हॉट्सॲपवर भाव लिहिलेली यादी, आणि ‘पार्सल कोणत्या गाडीत टाकलं’ याचा वेळेवर केलेला मेसेज. तो मेसेज चुकला की पुढची ऑर्डर गेली.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे येणारा-जाणारा पाहुणा. शेगावला भाविक येतो, लोणारला विवर पाहायला पर्यटक, १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी माणसांचा पूर. कोरोनामुळे २०२० च्या मार्चमध्ये मंदिरं बंद झाली ती दिवाळी पाडव्याला उघडली आणि पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली. त्या काळात शेगावचा प्रसाद, फुलं, लॉज, ऑटो सगळं एकदम आडवं झालं. आदल्या वर्षी येऊन गेलेल्या हजारोंपैकी शंभर जणांचे नंबर ज्याच्याकडे होते, तो निदान त्यांच्याशी बोलू शकत होता. बाकीच्यांच्या हाती बंद शटरपलीकडे काही नव्हतं.

खामगावच्या चांदीचं मात्र वेगळं आहे आणि तिथे माझा आग्रहही वेगळा. २०२५ मध्ये चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा ओलांडला, त्याच वर्षी दीड लाखही मागे टाकले. एवढ्या भावात नाशिकचा माणूस फोटो पाहून पैसे पाठवणार नाही. त्याला समईचं वजन, शुद्धता, मजुरी आणि आजचा भाव हे चारही आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी ओळखक्रमांकाचं हॉलमार्किंग, ऐच्छिक का होईना, सुरू झालं आहे. खामगावला ‘रजतनगरी’ म्हणतात, त्या पुण्याईवर विसंबण्यापेक्षा तो क्रमांक फोटोत दाखवावा. लांबच्या गिऱ्हाइकाला पुण्याई दिसत नाही, क्रमांक तपासता येतो.

‘मोठ्या कंपन्यांपुढे आपण काय टिकणार?’ हा शेवटचा आक्षेप. साबण, चार्जर, मोबाइलचं कव्हर यांत नाहीच टिकणार. तिथे झुंजू नये. पण बिघडलेली मोटार लोणारहून कुरिअरने कुणी पाठवत नाही आणि ब्लाउजचं माप गोदामात कुणी घेत नाही. अशा दुरुस्तीवाल्यांनी आणि शिवणकाम करणाऱ्या बायांनी नकाशावर दुकानाची जागा, चालू फोन नंबर आणि सुट्टीचा वार एवढं जरी बरोबर टाकलं तरी पुष्कळ झालं. आज कित्येक दुकानांपुढे तिथे बंद पडलेला नंबर आहे किंवा काहीच नाही. ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, भाचा किंवा पुतणी लागते, आणि ती घरात असतेच. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हे करून ठेवावं, कारण तेव्हा दुकानात तसंही काम नसतं. ऑक्टोबरात सोयाबीन बाजार समितीत आलं की फोन वाजायला लागतात, आणि तेव्हा नंबर दुरुस्त करत बसायला कुणाला फुरसत नसते.