उमेदवारी

गेल्या आषाढांत एके सायंकाळीं अमरावतीस आमच्या शेजारच्या वहिनी घरीं आल्या. त्यांचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत त्यानें फिटरचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि आतां रेल्वेच्या एका कार्यशाळेंत शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली होती. पेढे देण्याऐवजीं वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. म्हणाल्या, "गुरुजी, मामंजी म्हणतात, आपल्या घराण्यांत सात पिढ्यांत कोणी हातीं कानस धरली नाहीं. तुम्हीच त्याची समजूत घाला."

समजूत नक्की कोणाची घालावी, हा मला प्रश्नच पडला.

रेल्वे आपल्या वऱ्हाडास नवी नाहीं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा या वाटेनें १८६७ सालीं नागपुरास पोंचला. मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपुरास व दुसरीकडे यवतमाळास जाणारी आपली 'शकुंतला' १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनानें धांवत होती. एवढ्या काळांत आमच्या घरांनीं रेल्वेस तारबाबू दिले, तिकीटबाबू दिले, स्टेशनमास्तर दिले. परंतु इंजिन आणि डबे ज्याच्या हातून दुरुस्त होतात त्या कारागिराकडे आम्हीं डब्याच्या खिडकींतूनच पाहिलें. मी तरी निराळा कोठें होतों? आमच्या शाळेंत घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. त्याच्या टोल्यांवर मीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें. लोखंडाशीं माझा परिचय तेवढाच. तरीहि वहिनींस मीं सांगितलें, "त्याला जाऊं द्या."

दिवाळींत मुलगा घरीं आला, तेव्हां त्यास मुद्दाम बोलावून सारें विचारून घेतलें. पहिले कित्येक आठवडे त्याला यंत्राजवळ जाऊंहि दिलें नव्हतें. लोखंडाचा ठोकळा वाइसमध्यें आवळावयाचा, कानशीनें घासावयाचा, मग गुण्या लावून उजेडासमोर धरावयाचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली कीं पुन्हां घासावयाचा. हातांस फोड आले, फुटले, शेवटीं घट्टे पडले. त्यानंतर त्यास चाकांच्या विभागांत घेतलें. रेल्वेचें चाक आंसावर खिळ्यांनीं बसवीत नाहींत. त्याचें भोंक आंसाहून किंचित् लहान ठेवून तें प्रचंड दाबानें चढवितात, आणि मग दोन चाकें व आंस मिळून जणूं एकच वस्तु होते. चाक रुळावरून घसरूं नये म्हणून त्याच्या आंतल्या बाजूस जी उंच कड असते ती धांवून धांवून झिजते. ती झीज मापून चाक लेथवर पुन्हां योग्य आकारास कातून घेतात. आंसाच्या पोटांतली, डोळ्यांस न दिसणारी भेग ध्वनिलहरी सोडून शोधतात. हें सांगतांना तो म्हणाला, "गुरुजी, शाळेंत शंभरांत पस्तीस मिळाले तरी आम्ही पास होत होतों. तेथें नव्याण्णव मापें बरोबर आलीं आणि एक चुकलें, तरी काम परत येतें."

ऐकतांना मला नारदस्मृतीची आठवण झाली. शिल्प शिकणाऱ्या शिष्याचा तींत स्वतंत्र विचार केला आहे. गुरूनें त्यास आपल्या घरीं अन्न देऊन शिकवावें, त्याच्याकडून दुसरें काम करवूं नये, पुत्राप्रमाणें वागवावें, असा तेथें नियम आहे. शिल्प लवकर आलें तरी ठरलेला काळ शिष्यानें गुरुगृहींच काढावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. गुरुगृहीं राहणाऱ्या शिष्याचें 'अंतेवासी' हें नांव कारागिराच्या शिष्यास देण्यांत त्या स्मृतिकारांस कमीपणा वाटला नाहीं. तो आम्हांस कां वाटावा? १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेंहि अन्नाच्या जागीं विद्यावेतन ठेवलें, आणि उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असें स्पष्ट म्हटलें.

परंतु यांतच एक कांटा आहे. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचें बंधन त्या कायद्यानें मालकावर घातलें नाहीं. मार्च २०१८ मध्यें मुंबईस माटुंग्याजवळ उमेदवारी पुरी केलेलीं मुलें रुळांवर बसलीं व लोकलगाड्या अडल्या, ती याच दुःखानें. लोकांस वेठीस धरणें मला पटत नाहीं. पण तें दुःख खोटें नव्हे. खालच्या श्रेणीच्या भरतींत अशा मुलांसाठीं शेंकडा २० जागा राखण्याचें रेल्वेनें ठरविलें. तथापि राखीव जागा म्हणजे हातीं आलेली जागा नव्हे.

हें मीं वहिनींपासून लपविलें नाहीं. ज्या घरांतून असा मुलगा निघेल, त्या घरांतील वडील मंडळींसहि माझें हेंच सांगणें आहे. नोकरी ठरलेलीच आहे असें समजून त्यास धाडूं नका. विद्या मिळते म्हणून धाडा, आणि अखेरची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतल्यावांचून परत येऊं देऊं नका. तो सुटींत घरीं आला म्हणजे पाहुण्यांसमोर त्यास हात लपवावे लागूं नयेत, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. 'उमेदवार' या शब्दाचा मूळ अर्थच आशा धरून राहणारा असा आहे. घरच्यांनींच ती आशा मोडली तर त्यानें कोठें जावें?

शिक्षकांच्या परवानगीनें मुलानें आपला पहिला ठोकळा घरीं आणला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं मामंजींनीं तो मागून घेतला, चष्मा लावला, आणि गुण्या टेकवून समईसमोर धरला. बराच वेळ ते पाहत होते. मग कांहीं न बोलतां त्यांनीं तो चौरंगावर वहीशेजारीं ठेवला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलें.